ग्योंगजूचं तिकीट

२० ऑगस्ट, मंगळवार

उद्या सकाळी सातला पितरांच्या सणाची रेल्वेची तिकिटं फोनवर उघडणार. आणि आजच शाळा सुरू झाली. आठशे मुलांचं जेवण, पहिल्याच दिवशी कोंबडी तळायची! सुट्टीत मनगट जरा बरं होतं. दुपारपर्यंत पुन्हा ठणकायला लागलं. डॉक्टर म्हणतात, "महिनाभर झारा हातात धरू नका." झारा नाही धरला तर शाळेच्या स्वयंपाकघरात मी काय करू? मुलांना गोष्टी सांगू?

संध्याकाळी बोरामचा फोन. लेक बापासारखीच, एकदा धरलं की सोडत नाही. "आई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. अजून तू ग्योंगजूला जाऊन त्यांच्या पणजोबांच्या नैवेद्यासाठी तळत बसणार?"

"मग कोण तळणार?"

"कोणीच नाही!"

सव्वीस वर्षांची आहे. थोरली सून व्हायची वेळ अजून आली नाही तिच्यावर.

पण खरं सांगू? मलाही नाही जायचं. हे इथेच लिहिते, बाकी कुठे बोलायची सोय नाही. एकोणतीस वर्षं दर सणाला सोल-ग्योंगजू, ग्योंगजू-सोल. तेही दोन दिवस आधी, कारण तळणं थोरल्या सुनेचं. आता ठरवलंय. यंदा जायचं, आणि सासूबाईंना तोंडावर सांगायचं — हा माझा शेवटचा नैवेद्य. नैवेद्याची सगळी पितळी भांडी धाकट्या जावेच्या स्वाधीन. ठरलं म्हणजे ठरलं.

२१ ऑगस्ट

तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे एकसष्ट हजार माणसं! शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत, एक पाय गमबुटात आणि एक बाहेर, फोनकडे बघत बसले. पान चुकून पुन्हा उघडलं की थेट शेवटी ढकलतात. म्हणून बोटसुद्धा हलवलं नाही. आठला पाच कमी असताना आत शिरले. आत मोजून तीन मिनिटं. प्रवासी दोन टाकले. सवय. मग एक केलं, त्यात अर्धं मिनिट गेलं. पंधरा सप्टेंबरची पहाटेची गाडी मिळाली. पैसे रविवारपर्यंत भरायचे.

सासूबाईंना कळवलं. "तिकीट मिळालं, आई."

"मिळालं?"

"मिळालं."

"हं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. दरवर्षी निदान "मासा चांगला बघून आण" तरी म्हणतात.

२३ ऑगस्ट

धाकट्या जावेचा फोन. पोहांगला राहते, ग्योंगजूहून जेमतेम अर्ध्या तासावर. "ताई, फळं मी आणते हं!" दरवर्षी हेच. सणाच्या सकाळी नासपतीची पेटी घेऊन येणार, सगळं मांडून झालं की दारातून ओरडणार, "अगंबाई, झालं पण?" मी म्हटलं, यंदा आदल्या दिवशी ये, शार्कच्या मांसाचे तुकडे तू तव्यावर परतून घे. तर म्हणते, "मला त्याचा वास सहन होत नाही, ताई. शिवाय कुठलं ताट पूर्वेला, कुठलं पश्चिमेला, ते तुम्ही असलात की मगच मला सुचतं."

हिच्या स्वाधीन करणार मी भांडी! कठीण आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार

पैसे भरायचे राहिले.

काल दिवसभर घरातच होते. हात शेकला, झोपले, उठले, पुन्हा झोपले. सकाळी बघते तर तिकीट आपोआप रद्द. एकोणतीस वर्षांत असं झालं नाही. विसरले की विसरायचंच होतं, देव जाणे. फोन हातात घेऊन जिन्यात बसले आणि हसूच आलं.

२७ ऑगस्ट

भात, सोयाबीनचं सूप, तळलेला बांगडा. आठशे तुकडे. आज काही लिहवत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर मनाशी घोकलं — तिकीट नाही मिळालं, यंदा येणं जमत नाही. खोटंही नाही! आयतं कारण चालून आलंय. शहराच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीपर्यंत चढण चढून गेले, तिथे कोणी ऐकणारं नसतं, आणि फोन लावला.

"आई, तिकीट हातचं गेलं. पैसे भरायचे राहिले."

म्हणाल्या, "मग?"

एवढंच. मग? मला वाटलं, आता शिव्या घालतील, मग मलाही बोलायला जोर येईल. पण त्या नुसत्या थांबून राहिल्या.

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कसंही करून येते, आई. काळजी करू नका."

"हं," म्हणाल्या. फोन ठेवला.

माझी जीभ माझी नाही राहिली. एकोणतीस वर्षांत ती सासरची झालीय!

५ सप्टेंबर

परत आलेल्या तिकिटांत एक मिळालं. उभ्याचं. पंधरा तारखेला, दोन तास दारापाशी, पिशव्यांसकट. मी डोळे मिटून पैसे भरले. बोरामला सांगितलं तर म्हणाली, "आई, तुला वेड लागलंय. मी आजीशी बोलू का?"

"खबरदार!" म्हटलं.

८ सप्टेंबर, रविवार

आज कळलं मला, तोंडावर बोलायची हिंमत का होत नाही ते. तळण्याचा कंटाळा तर आहेच. पण ती भांडी परत केली की त्या बाईंची मी कोण?

स्योंगहो होता तेव्हा मी त्याची बायको म्हणून त्यांची सून. तो गेल्यावर, तिसऱ्या दिवशी त्याला पुरून टेकडीवरून परतताना त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, "तू तरी येत जा." रडल्या नाहीत. बाही मात्र गावात शिरेपर्यंत सोडली नाही. त्या गावात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांनाच जास्त जागा. घरामागे जुन्या राजांच्या थडग्यांची एवढाली टेकाडं, आणि ही बाई एकटी चूल पेटवते. सणाच्या सकाळी स्योंगहोची भाताची वाटी त्या स्वतः भरतात, मला हात लावू देत नाहीत. भात वाटीबाहेर येईपर्यंत भरतात. अशा बाईला मी सांगू, की मी थकले?

पण थकलेय. देवा, खरंच थकलेय. सकाळी दात घासताना ब्रश डाव्या हातात धरते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सासूबाईंना फोन करून सांगून टाकायचं ठरवलं. तोंडावर नाही तर नाही.

उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "हाताला काय झालंय तुझ्या? बोराम म्हणत होती."

बोलली ना कार्टी शेवटी!

"काही नाही, आई. जरा मुरगळलाय."

"जरा?"

"जरा."

"मला काही सांगायचंय का तुला?"

झालं ना! दार सताड उघडं करून दिलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "कोबी फार महागलाय यंदा." त्या म्हणाल्या, "महागलाय खरा." मग दोघी कोबीवर पाच मिनिटं बोललो. फोन ठेवला आणि ओट्यावर डोकं टेकून बसले. माझ्यासारखी भित्री बाई सगळ्या सोलमध्ये नसेल.

१३ सप्टेंबर

पिशव्या भरल्या. सुकवलेला मासा, तिळाचं तेल, दोन ॲप्रन. मनगटाला पट्टा. उद्या एक दिवस विश्रांती, परवा पहाटे गाडी. यंदा काही सांगणार नाही. जे चाललंय ते चालू दे.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी पावणेदहाला सासूबाईंचा फोन. "बोरामची आई, मी गाडीत बसलेय."

"कुठल्या गाडीत?"

"सोलच्या, आणखी कुठल्या? देगू आत्ताच गेलं. तुझं तिकीट रद्द कर. माझं एकोणीस ऑगस्टलाच काढलंय. आम्हा म्हाताऱ्यांना दोन दिवस आधी फोनवर देतात."

म्हणजे मी त्या एकसष्ट हजारांमागे उभी राहायच्या आधीच! मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"मी कशी बोलू? घराण्याचा नैवेद्य माझ्या तोंडानं बंद करू? म्हटलं, तू 'येत नाही' म्हणशील, मग गावभर सांगेन, सुनेनं बंद केला. तिकीट गेलं म्हणालीस तेव्हा वाटलं, चला, सुटले एकदाची! तर तू आपली — कसंही करून येते! अशी कशी गं तू हट्टी?"

"आणि पितर, आई?"

"काल टेकडीवर जाऊन बापलेकांना सांगून आलेय. भूक लागली तर सोलला या म्हटलं." मग म्हणाल्या, "स्वयंपाक करू नकोस. मला बाहेर जेवायला ने. लग्नाला साठ वर्षं झाली, सणाला दुसऱ्या कुणी रांधलेलं खाल्लं नाही मी."

फोन ठेवल्यावर पिशव्यांशेजारीच बसून रडले. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं, त्या घरात दमलेली मी एकटीच.

गाडी सव्वाअकराला पोचते. निघते.