लूम थांबतात तेव्हा

कामतघर, भिवंडी

आई, तुला आणि अप्पांना इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. तू दिलेलं मेतकूट अजून पुरतंय. अप्पांचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

शाळेला लागूनच लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा कारखाना आहे. दिवसभर खडखडाट चालतो. त्याची सवय झाली.

माझ्या दुसरीच्या वर्गात करिष्मा म्हणून मुलगी आहे. पावसाळ्यात त्यांची चाळ कोसळली, त्यात तिची आई गेली. त्या दुपारी लाईट गेली, आजूबाजूचे लूम थांबले आणि त्या शांततेत तिला भिंत तडकल्याचं ऐकू आलं. आता लाईट गेली की बाकीची पोरं खुशीत ओरडतात आणि ही बाकाखाली जाऊन बसते. मग मी बाकावर हातानेच लूमसारखा ठेका धरते. "बाई, थांबू नका हां," ती खालून म्हणते.

काल लाईट यायला फार वेळ लागला. हात सुजलाय, म्हणून अक्षर असं आलंय. हळद लावलीय, काळजी करू नकोस.

मोठे सर म्हणतात, इतकं मनाला लावून घेऊ नका. त्यांचं बरोबरच आहे.

दिवाळीला येते. आपल्याकडे फार शांत असतं गं. मी निजेन तेव्हा माजघरातला रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवशील? मला झोप लागली असं वाटलं, तरी बंद करू नकोस.

तुझी,
विद्युल्लता