लिंबाखाली डावीकडे घ्या

४ नोव्हेंबर १९८७
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागतंय, तेव्हा नोंद असावी. मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर महिनाअखेर नोकरी सोडतोय. साहेब म्हणाले, त्रिंबक, तीस तारखेपर्यंत लायसन दाखव, जागा तुझी. म्हणजे कंपनीच्या गेटवरची वॉचमनगिरी संपली! गुलमंडीत सफारीचं कापड घेतलं. बजाजनगरात सगळ्यांना सांगून झालं.

९ नोव्हेंबर
टेस्ट. जीप फारूखची, गंगापूरच्या फेऱ्या मारणारी. शिकवलंही त्यानंच. इन्स्पेक्टर शेजारी बसले. म्हणाले, त्या लिंबाखाली डावीकडे घ्या. मी फारूखसारखं लांबूनच न्यूट्रल मारलं. डिझेल वाचतं. जीप घरंगळत लिंब ओलांडून चहाच्या टपरीला टेकली. इन्स्पेक्टर म्हणाले, गिअर शोभेला दिलेत का? नापास. या लोकांना डिझेलची कदर नाही.

१० नोव्हेंबर
बायकोला सांगितलं, टेस्ट पुढे ढकलली. सारजा म्हणाली, फारूखभाईची वहिदा तर टपरीचं काहीतरी सांगत व्हती. वहिदा फार बोलते.

१३ नोव्हेंबर
निश्चय: रोज पहाटे दोन तास सराव. चौथा, तिसरा, दुसरा, थांबणे, न्यूट्रल, हँडब्रेक.

१४ नोव्हेंबर
थंडी. उद्यापासून.

१८ नोव्हेंबर
आज नक्की करणार होतो, पण विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा. रस्ते बंद. त्यांचं नऊ वर्षं अडलंय, माझं नऊ दिवस. मी त्यांचं दुःख समजू शकतो.

१९ नोव्हेंबर
दुसरी टेस्ट. या वेळी थांबताना गिअरला हातच लावला नाही. चूक होणारच कशी? लिंबाखाली चौथ्यातच ब्रेक दाबला. जीपनं तीन उड्या मारल्या आणि बंद पडली. इन्स्पेक्टरांचा चष्मा पायाशी. थांबवा म्हणाले, थांबवली. तरी नापास!
फारूख म्हणाला, त्रिंबकभाऊ, क्लच नावाची भी एक चीज असती.

२७ नोव्हेंबर
शेवटची संधी. आज सगळं पुस्तकातल्यासारखं. हात दाखवला. चौथा, तिसरा, दुसरा. लिंबाखाली लोण्यासारखा थांबलो. न्यूट्रल. हँडब्रेक. इन्स्पेक्टरांनी खिशातून पेन काढलं.
तेवढ्यात लिंबाखाली ताटकळलेले सात जण जीपमध्ये चढले. त्यांना रोजची जीप माहीत. बानाबाई नावाची एक म्हातारी गाठोड्यासकट पुढे घुसली. म्हणाली, गंगापूरला लई उशीर केला रं आज. माझ्या तोंडून निघून गेलं, सरका साहेब, अजून एक बसतंय. आणि पहिला गिअर टाकून निघालोही.
इन्स्पेक्टर गाठोड्याखालून काही ओरडत होते. अर्ध्या कोसावर उतरले. पेनसुद्धा घेऊन गेले.

२८ नोव्हेंबर
गिअरमध्ये मात्र त्यांना खोट काढता आली नाही. हे विसरता कामा नये.

१ डिसेंबर
साहेबांचा नवा ड्रायव्हर मोतीराम. सहा वर्षांपासून लायसन आहे म्हणे. सकाळी गाडी आली. त्यानं लांबूनच न्यूट्रल मारलं आणि घरंगळत गेटला आला. मागे साहेब पेपर वाचत होते. मानसुद्धा वर केली नाही. फार वाईट वाटलं.
सफारी शिवून आलीय. गेटवर खाकीच लागते.
मी आडवा दांडा वर केला. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर टाकावेत असा नीट. मोतीरामनं हॉर्न दिला.