मजकूर कशात असतो

३ फेब्रुवारी

चि. सिस्टरला दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू चार ओळींत उरकलंस, मी ते चार वेळा वाचलं. नजरेचा मधला भाग धुरकट होत जाणार, उन्हाळा संपेपर्यंत साधी अक्षरं वाचता येतील, पुढचं काही सांगता येत नाही. छत्तीस वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांना धीर दिलास, आणि स्वतःबद्दल असं लिहितेस की जणू उद्या दूधवाला येणार नाही. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

तू मागितलंस ते देतो. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि मी नऊ. तिच्याबद्दल जे जे आठवतं ते सगळं लिहून, तुला तुझ्या डोळ्यांनी वाचता येईल अशा बेताने पाठवतो. अडचण माझ्या हाताची आहे. हे पत्र कसं थरथरलंय ते बघतेसच. दोन पानांच्या वर हात चालत नाही.

म्हणून लेकीने तिचं जुनं यंत्र आणून दिलंय. ती पुलांची तपासणी करत हिंडते, तेव्हा असलं एक यंत्र तिच्या खिशात असतंच. यंत्र म्हणजे काय, तर सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी काचेची पाटी. पाटीला एक चपटी डबी, डबीला चार भोकं. एका भोकातून वायर टीव्हीला, दुसऱ्यातून कीबोर्डला, तिसऱ्यातून माऊसला, चौथ्यातून भिंतीतल्या विजेला. एवढं जोडलं की झाला म्हणे पूर्ण संगणक. यातला संगणक नेमका कोणता, असं मी विचारलं, तर म्हणाली, पाटी. मला काही पटलं नाही. लिहायचं कीबोर्डवर, दिसणार टीव्हीवर, आणि मान पाटीचा. ती बापडी तर कोपऱ्यात उताणी पडलेली असते.

तुझी वहिनी माझ्यावर फुगून बसलीय, कारण तिच्या मालिकेच्या वेळेला पडद्यावर माझं लिखाण असतं. काल मी माऊस उलटा धरला होता. मी डावीकडे जातोय तर बाण उजवीकडे. अर्धा तास मी त्याच्याशी भांडलो, शेवटी तिनेच येऊन तो सरळ केला आणि एक शब्द न बोलता गेली. ते जास्त लागलं.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र भिंगाखाली धरून वाचलं. अर्धी थरथर तुझ्या हाताची आणि अर्धी माझ्या डोळ्यांची, त्यामुळे हिशेब बरोबर जमला. माझ्यासाठी हळहळू नकोस. मी रोज सकाळी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचून बघते. अजून येते वाचता.

तुझ्या यंत्राचं मला ओ का ठो कळलं नाही. पण एक सांगते, लिहिताना पाठ टेकून बस आणि दर अर्ध्या तासाने उठ. हा सल्ला नाही, हुकूम आहे.

आणि मुख्य गोष्ट राहू देऊ नकोस. मावशी सांगायची की आई मला घरात एका वेगळ्याच नावाने हाक मारायची. कोणत्या, ते मावशीलाही आठवत नव्हतं. शाळेतलं नाव बाबांनी घातलं, दवाखान्यात मी सिस्टर झाले, तुझ्या लेकीची आत्या झाले. तू सख्खा भाऊ असून मला सिस्टरच म्हणतोस. आईने मला काय म्हटलं ते एकट्या तुला माहीत असणार. दादा, मला ते वाचायचंय.

फोनवर मात्र सांगू नकोस. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध मी कधी लिहून घेतल्याशिवाय दिलं नाही. ऐकलेल्यावर माझा भरवसा नाही, लिहिलेल्यावर आहे. आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलंही नको. आईचं आहे, ते माझं मी वाचीन.

वहिनींना नमस्कार, आणि त्यांची मालिका त्यांना बघू दे. लोभ होता तसा असू द्यावा.

तुझी,
सिस्टर


९ मार्च

चि. सिस्टरला अनेक आशीर्वाद, वि. वि.

झालं. चौतीस पानं झाली. आईचं शिवणयंत्र, तिचं खोकणं, तिने मला मारलेली एकुलती एक थप्पड, सगळं आलंय. खरं सांगतो, लिहायला बसलो तेव्हा तुझं नाव मलाही आठवत नव्हतं, तुला कळवायचा धीर झाला नाही. पण तिसाव्या पानावर बोटं आपोआप चालली आणि नाव पडद्यावर आलं. मी उठून पाणी पिऊन आलो. ते नाव मुद्दाम या पत्रात लिहीत नाही. आधीच कळलं तर तू बाकीची पानं चाळून टाकशील, मला ठाऊक आहेस तू.

आता ते तुझ्याकडे यायचं कसं. लेक म्हणाली होती, लिहून झालं की सांगा, मी ऑफिसात छापून आणते. पण ती तीन आठवडे कुठल्याशा लांबच्या पुलाखाली आहे आणि तुझ्या उन्हाळ्याला थांबायला सवड नाही. म्हणून माझा मीच मार्ग काढला. मी चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. ज्या तबकात खिळे जुळवले, मजकूर त्याच तबकात असायचा. तबक उचललं की पान उचललं. टीव्ही तुझ्याकडे आहेच. तेव्हा ज्यावर मी आख्खा मजकूर जुळवला तो कीबोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून आजच्या पार्सलने पाठवला आहे. शेजारच्या घड्याळवाल्याकडून टीव्हीला जोडून घे आणि सावकाश वाच. जपून उघड, हलवाहलवीत ओळी विस्कटायला नकोत.

आनंदात आहे. असाच लोभ ठेवून मला उलटटपाली कळव.

तुझा,
दादा


१८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पार्सल आलं. मी सकाळीच अंघोळ करून, चांगलं पातळ नेसून टीव्हीसमोर बसले. घड्याळवाला आला, त्याने वायर सगळ्या भोकांत घालून पाहिली. एका भोकात ती बसली, पण पडद्यावर एक अक्षर येईना. मग त्याने कीबोर्ड कानाला लावून हलवला. त्यातून एक बटण निखळून खाली पडलं, तेवढंच काय ते बाहेर आलं. तो म्हणाला की यात आत काही आहे असं वाटत नाही. मी त्याला म्हटलं की माझा भाऊ चाळीस वर्षं छापखान्यात होता, त्याला कळत नाही आणि तुला कळतं होय. त्याने वायर गुंडाळून ठेवली, पण चेहरा काही त्याला गुंडाळता आला नाही.

दादा, काहीतरी चुकतंय का? मी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसले होते. मला वाटलं, मजकूर असेल आणि मलाच दिसत नसेल. त्याने मी घाबरले. लवकर कळव.

लोभ तर हवाच, पण आधी उत्तर हवं.

तुझी,
सिस्टर


२३ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांनी लिहायला हवं होतं, पण ते लिहीत नाहीत. तेव्हा मी लिहिते. यात माझी चूक आहे.

आत्या, कीबोर्डात काहीच नसतं. तो नुसती बटणं. टीव्ही नुसता आरसा. लिहिलेलं सगळं त्या खिशातल्या पाटीत असतं, आणि पाटी आता कोरी आहे. अकरा तारखेला माझी रोजची पाटी पुलावरून नदीत पडली. कामासाठी दुसरी तातडीने हवी होती, म्हणून उभ्या उभ्या घरी आले. बाबांना विचारलं, लिखाण झालं का. म्हणाले, झालं आणि परवाच आत्याकडे रवानाही केलं, आता पाटी पुसून टाक, दुसऱ्या कामाला मोकळी. मला वाटलं ते कुणाच्या तरी नेटवरून ईमेल करायला शिकले. मला इतकं कौतुक वाटलं की मी काही न तपासता पाटी पुसली आणि ऑफिसात चार जणांना बाबांचं कौतुक सांगितलं. वायरी त्यांनी आधीच गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यांत कीबोर्ड नाही हे मला दिसलंच नाही. प्रत कुठेही नाही. घरी नेट नाही म्हणून आपोआप प्रत ठेवायची सोय मीच बंद ठेवली होती.

परवा तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. सगळं उलगडल्यावर मी म्हटलं, निदान आत्याचं नाव तरी कागदावर लिहून द्या. बाबा बराच वेळ पेन धरून बसले आणि मग म्हणाले की आठवत नाही. जुळाऱ्याने डोक्यात काही ठेवायचं नसतं म्हणे, डोक्यात ठेवलं की पुढच्या पानात चुका होतात. पान छापून गेलं की खिळे सोडायचे आणि विसरायचं. तेव्हापासून खुर्चीत बसून आहेत. आई मालिकासुद्धा लावत नाही.

ऑफिसने मला नवी पाटी दिली आहे, जुनी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली आहे. मला क्षमा कर. माझ्यावरचा लोभ उरला असेल तर तो सांभाळून ठेव, मला पुढे लागेल.

तुझी,
भाची


२९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

खुर्चीतून ऊठ. आधी उठून दोन फेऱ्या मार, मग पुढचं वाच.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण एकदा लिहिता लिहिता सापडलं ते दुसऱ्यांदाही सापडेल. पहिल्या पानापासून सुरुवात कर. समोरच्या दुकानाची पाटी मला अजून दिसते, नुसती पहिली दोन अक्षरं अंदाजाने लावावी लागतात. एप्रिल आहे आपल्याकडे. लेकीला बोल लावू नकोस, तिने तुझंच ऐकलं.

कीबोर्ड परत पाठवते आहे. त्याचं निखळलेलं बटण मात्र नाही. हरवू नये म्हणून मी ते आईच्या बटणांच्या डब्यात टाकलं आणि आता ते त्यात मिसळलं. आई गेल्यावर मावशीने तो डबा माझ्या हातात दिला होता, हा तुझा म्हणून. आईचं माझ्याकडे तेवढंच आहे. शिवणकामातली उरलीसुरली बटणं माझ्याच वाट्याला का, ते मला कधी कळलं नाही. चाळीसएक असतील, एकासारखं दुसरं नाही, आणि प्रत्येकाच्या भोकात कापलेल्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला. पूर्वी मी ती रंगांवरून लावत बसायचे, आता रंग कळत नाहीत. तुझं बटण सापडलं की पाठवीन. तोवर त्या जागी नुसतं बोट दाब.

रागवायचं ते पुढच्या वर्षी रागव, यंदा लोभच पुरवून वापर.

तुझी,
सिस्टर


२० एप्रिल

सिस्टर,

ही अक्षरं तुझ्या तळहाताएवढी आहेत. पुलांचे नकाशे छापतात त्या यंत्रावर लेकीने काढून दिली. एका कागदावर पाचसहा ओळीच मावतात, म्हणून आशीर्वाद आखडते घेतले. आईची बाकीची पानं सोबतच्या सुरळीत आहेत. पाटी यावेळी माझ्या खिशात आहे, झोपतानाही काढत नाही.

तुझं बटणांचं वाचलं आणि अडलेलं सगळं सुटलं. आई बटण म्हणायचीच नाही.

ती शिवायला बसली की तू तिच्या मांडीवर झोपायचीस, तिच्या पोलक्याची गुंडी मुठीत घट्ट धरून. मूठ सोडवली तर तू जागी व्हायचीस. म्हणून ती कात्रीने दोरा कापायची, गुंडी तुझ्या मुठीतच राहू द्यायची, आणि हळूच उठायची. तिच्या एकाही पोलक्याला सगळ्या गुंड्या नव्हत्या. बाबा ओरडायचे, ती हसायची.

डब्यातली बटणं शिवणकामातली नाहीत. ती तुझ्या मुठीतली आहेत.

ती तुला गुंडी म्हणायची.

दादा


२८ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

जाड पेनाने लिहिते आहे, ओळी वाकड्या असतील. एकेक कागद दारावर लावला आणि हातभर अंतरावर उभी राहून वाचला. दोन दिवस लागले. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सगळं माझं मी वाचलं.

कीबोर्डचं बटण सापडलं, सोबत पाठवते आहे. डोळे मिटून डबा चाचपला. त्याला तेवढा दोरा नव्हता, म्हणून हाताला लगेच कळलं.

वहिनींना आणि भाचीला सांग, मी बरी आहे. लोभ असाच धरून ठेव, मूठ सोडू नकोस.

तुझी,
गुंडी