अडीच मीटर

जहाजावरून,
दि. ४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मागच्या बंदरात एजंटाने हातात दिलं, आणि चष्मा सापडायच्या आधीच मी ते निम्मं वाचून टाकलं. हवामान खात्याने अख्ख्या महासागराच्या बातमीपत्राची जबाबदारी तुझ्यावर टाकली हे वाचून ऊर भरून आला. लहानपणी तुला साधी छत्री सांभाळता येत नव्हती, दर आठवड्याला एक हरवायचीस, आणि आता तू दुनियेच्या जहाजांना कुठे जाऊ नका ते सांगणार! दुसऱ्या अधिकाऱ्याला मी बजावून ठेवलं आहे की दर सहा तासांनी आपलं निरीक्षण बिनतारी संदेशाने गेलंच पाहिजे, पलीकडे आमची पोर बसली आहे. वारा आणि हवेचा दाब तो यंत्रावरून लिहितो. लाटांची उंची नजरेनेच ठरवायची असते, ती मात्र मी सांगतो.

इकडे सगळं ठीक. वादळ आमच्या उत्तरेला आहे. समुद्र जरा हलतो, पण आम्हाला त्याचं काय? स्वयंपाकी तेवढा वैतागला आहे. तीन दिवस त्याने पातळ असं काही केलंच नाही, भांडं शेगडीवर ठरत नाही म्हणतो. कपबशा संपल्या, त्यामुळे कप्तानासकट, म्हणजे माझ्यासकट, सगळे पत्र्याच्या मगातून चहा पितात. मी दोन्ही बाजूंना उशा ठासून झोपतो. मोठ्या इंजिनिअरच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आहे, आणि त्याच्या स्वभावाला ते शोभून दिसतं.

आईला सांग, समुद्र शांत आहे आणि बाबा मजेत आहेत. तिच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा


दि. १५ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं चार तारखेचं पत्र आज मिळालं. एरवी वाचून झालं की मी ते तसंच आईकडे पाठवते. हे पाठवलेलं नाही.

त्या दिवशी तुमच्या जहाजाने लाटा अडीच मीटर कळवल्या होत्या. आदल्या दिवशीही अडीच, दुसऱ्या दिवशीही अडीच. बाबा, अडीच मीटरच्या समुद्रात एवढ्या मोठ्या जहाजावर भांडं शेगडीवर ठरत नाही होय? सगळ्या कपबशा फुटतात? तुमच्या त्या आकड्यावर मी काय करून बसले ते तुम्हाला माहीत नाही.

आमच्या टेबलावर महासागराचा नकाशा असतो आणि जहाजांनी पाठवलेले आकडे आम्ही त्यात भरतो. वादळाच्या आसपास तो कोरा राहतो, कारण आमचा इशारा ऐकून जहाजं तिथून पळ काढतात. आम्ही काम जितकं चोख करू तितका नकाशा कोरा. त्या कोऱ्या जागेत तुम्ही एकटेच होतात. वारा बघून साहेबांनी लाटा पाच मीटरच्या वर धरल्या होत्या, किनाऱ्यासाठी इशाराही लिहून काढला होता. मी हट्टाला पेटले. जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाची नजर आहे, तो अडीच म्हणतो म्हणजे अडीचच, असं म्हणून भांडून मी तो इशारा खोडायला लावला.

वारा वादळापाशीच राहिला, लाटा मात्र चालत किनाऱ्यापर्यंत आल्या. सकाळी आकाश स्वच्छ होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, म्हणून मासेमारीच्या बोटी निघाल्या. बंदराच्या तोंडाशी दोन उलटल्या. माणसं रिकामी पिंपं धरून तरंगत राहिली, म्हणून सगळी वाचली. एका बोटीच्या मालकिणीचा पाय मोडला आहे. तिला भेटायला मी दवाखान्यात गेले. तिने मला चांगलं बसवून घेतलं आणि सांगितलं की रेडिओवर समुद्र बरा आहे असं ऐकलं, नाहीतर ती दोन्ही मुलांना घेऊन निघालीच नसती. मग मी कोण ते मी सांगितलं. त्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मला रडत बसायला वेळ नाही. मोसम सरलेला नाही. पुढचं वादळ होणारच, आणि परतीच्या वाटेवर त्या कोऱ्या जागेत पुन्हा तुम्हीच असाल. मला खरी लाट हवी आहे. ती मिळणार नसेल, तर तुमच्या जहाजाचे आकडे बेभरवशाचे म्हणून बाजूला काढा असं मी स्वतः साहेबांना सांगणार. मी सांगेन की नाही हे तुम्हीच ओळखा, माझा हट्ट कुणाकडून आला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

रागावले आहे, तरी गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
भिंगरी


बंदरातून,
दि. २१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. आज एकच पाठवतो, बाकीचे तुझा राग उतरल्यावर.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बेभरवशाचा! मी! डेकवर येरझाऱ्या घातल्या, दुसऱ्या अधिकाऱ्यावर उगाच खेकसलो. मग ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली ते पुन्हा वाचलं आणि खाली बसलो.

तुला वाटत असेल, मी तुझ्या काळजीने आकडा कमी केला. तसं नाही. तो कमी केला तुझ्या आईसाठी. संध्याकाळचं समुद्राचं बातमीपत्र ती रेडिओला कान लावून ऐकते हे तुलाही माहीत आहे. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हा एका वादळात आमचा बिनतारी बंद पडला होता. जहाज गेलं असं तिकडे घरी सगळे धरून चालले होते. मी घरी आलो तेव्हा दार उघडणारी बाई मला क्षणभर ओळखू आली नाही, इतकी ती खंगली होती. तेव्हापासून पत्रात समुद्र शांत लिहायची सवय लागली. मग तू खात्यात लागलीस, आणि माझ्या लक्षात आलं की माझा आकडा आता तुझ्या हातून रेडिओवर आणि तिथून थेट तिच्या कानात जाणार. तीच सवय निरीक्षणात शिरली. मधे किनाराभर माणसं राहतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला आपलं घर तेवढं दिसत होतं.

आता नीट ऐक. दक्षिणेला हवा बिघडते आहे. मालकांना माल वेळेवर हवा आहे, त्यामुळे वाट फारशी वाकडी करता येणार नाही, आणि आठवड्याभरात आम्ही त्या पट्ट्यात असू. इथून पुढे जी लाट डोळ्याला दिसेल तीच कळवीन, मग ती केवढीही असो. तो आकडा रेडिओवर जायच्या आधी तू आईजवळ पोच. तिला काय आणि कसं सांगायचं ते तूच ठरव. माझ्याच्याने ते होत नाही, त्यापेक्षा वादळातून जहाज काढणं परवडलं.

मोडक्या पायाच्या त्या बाईंना माझं नाव सांग. दोष कुणाचा ते त्यांना कळायला हवं.

भरवशाचा होऊ पाहणारा तुझा,
बाबा


घरून,
दि. १ नोव्हेंबर

कप्तानसाहेबांस सप्रेम नमस्कार.

पोरगी रविवारी न कळवता आली. आल्या आल्या माझी घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली, तेव्हाच ओळखलं की हिच्या पोटात काहीतरी आहे. जेवणं झाल्यावर तिने एका दमात सगळं सांगितलं, बोटी, तो पाय, तुमचे अडीच मीटर. सांगून झाल्यावर धावत जाऊन पाणी आणलं, जशी काही मी आता कोसळणारच होते. मी तिला विचारलं की त्या बाईला दवाखान्यात डबा कोण देतं. तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीच डबा घेऊन गेले. बाईने मला तासभर फैलावर घेतलं, तुमचाही उद्धार केला. मी ऐकून घेतलं, तिचा तो हक्क आहे. डबा मात्र तिने ठेवून घेतला, आणि आता मी रोज बसने जाते.

परवा संध्याकाळी रेडिओवर तुमच्या पट्ट्यात लाटा साडेसात मीटर सांगितल्या. सांगणाऱ्याने भाजीचे भाव सांगावेत तसा आकडा सांगितला. किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांना इशारा गेला आणि एकही बोट बाहेर पडली नाही. काल लाटा आल्या. धक्क्यावरून पाणी रस्त्यावर आलं, मासळीबाजाराचं एक फाटक वाहून गेलं. बोटी आत बांधलेल्या होत्या आणि माणसं घरात होती. आज सकाळी तुमच्याकडून चार मीटर आले, समुद्र उतरतो आहे, असं भिंगरीने कळवलं. आकडा आला म्हणजे तुम्ही आहात.

आता माझं ऐका. तुम्ही शांत समुद्र लिहायचात आणि मी निवांत झोपायची, असं तुम्हाला खरंच वाटत होतं? त्या शांत समुद्रातून तुम्ही खांदे काळेनिळे करून परत यायचात. एकदा तर दोन बरगड्या मोडून आलात. कपडे मीच धुते, अंगाला तेल मीच लावते, मला दिसत नव्हतं का? तुम्ही शांत म्हटलंत की मी वादळ धरायची. तुम्ही लपवता हे माहीत असल्यामुळे किती धरायचं तेच कळायचं नाही, म्हणून धरत जायची, धरत जायची, पार सकाळ होईपर्यंत. जगात कुठे नसतील एवढ्या लाटा मी या घरात बसून बघितल्या आहेत.

साडेसात ऐकलं तेव्हा घाबरले, खोटं कशाला सांगू. रेडिओ बंद केला आणि तशीच बसून राहिले. पण लाट केवढी ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, लाट जेवढी होती तेवढीच मला भीती वाटली. आणि एवढ्याशा भीतीत माणसाला झोप लागते, हे मला परवा कळलं.

जसे असाल तसे या.

तुमचीच