विश्रामबागच्या सभेत तू वर केलेला हात

आई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. सवय आहे ती तुला पत्रं वाचून दाखवायची. फौजेतून दादाचं पत्र आलं की तू हातातलं काम टाकायचीस, मला चुलीपुढच्या पाटावर बसवायचीस आणि समोर उकिडवी बसून म्हणायचीस, "वाच. सावकाश वाच." मी वाचायचे आणि वाचता वाचता गाळायचे. कोणाची बोटं बर्फात गेली, कोणाचा ट्रक दरीत गेला, असल्या ओळी डोळ्यांनी आधी बघून ठेवायच्या आणि तोंडाने ओलांडून पुढे जायचं, हे मला शाळेत असल्यापासून जमत होतं. बाबा पासष्टच्या लढाईत गेले, त्या तारेनंतर मी हे शिकले. तुला अक्षर येत नव्हतं, पण तू कागदाकडे बघतच नव्हतीस. तू माझ्या डोळ्यांकडे बघायचीस. एकदा म्हणालीस, "डोळं पार खाली गेलं आन् तोंड अजून वरच हाय. मधलं काय खाल्लंस?" मी म्हटलं, "अक्षर लागंना." तू "बरं" म्हणालीस आणि भाकरी थापायला लागलीस. ते "बरं" मला आजही ऐकू येतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. सोसायटीच्या कचेरीतल्या रेडिओवर बातमी आली, की आपल्या देशाने वाळवंटात अणुस्फोट केला. चावडीपुढे गूळ वाटला. वरच्या आळीतले पेन्शनीत आलेले सुभेदार आपल्या दारात गूळ द्यायला आले आणि तुला म्हणाले, "वैनी, आता काय बिशाद हाय कुणाची. एकच टाकला, तर हितनं साताऱ्यापतुर जेवढा मुलूख हाय, तेवढा साफ." तू गूळ घेतलास, पण तोंडात टाकला नाहीस. "आन् त्येंनी टाकला तर?" तू विचारलंस. ते हसले. "त्येंच्याकडं हाय कुठं?" तू म्हणालीस, "आज न्हाई. आवं, आपुन हिरीवर इंजान बसवलं, तवा बांधापल्याडच्यानं किती दिस दम धरला?" सुभेदार पुन्हा हसले, पण या खेपेला जरा उशिरा.

तिथून तू भ्यालीस. बाबांच्या तारेने न मोडलेली तू, आणि भ्यालीस ती असल्या गोष्टीला जी तू पाहिली नव्हतीस, आणि तूच काय, गावात कोणीच पाहिली नव्हती. विमानाची घरघर आली की पिठाच्या हाताने अंगणात यायचीस आणि ते पार दिसेनासं होईपर्यंत उभी राहायचीस. बातम्यांच्या वेळी सोसायटीच्या भिंतीशी पदर ओढून थांबायचीस. ऊस उभा होता, म्हशीला नुकतंच रेडकू झालं होतं, आणि तू मला विचारत होतीस, "सुक्यासंगं वलं बी जळतंय, ते ठावं हाय. पर ह्यात जमीन बी जळतीया म्हनं. मग पेरायचं कशात?" मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर चिडले.

मग पाऊसपाणी सरता सरता दादाचं पत्र आलं. तो तेव्हा पश्चिमेच्या सरहद्दीवर, वाळूत होता. त्याची मुदत संपत आली होती. घरी यायचं की आणखी काही वर्षं वाढवून घ्यायची, हे त्याने तुला विचारलं होतं, आईचा शब्द येईल तसं करतो म्हणून. तेवढं मी वाचलं. त्याखाली त्याने लिहिलं होतं, की पुन्हा लढाई झाली तर ती मागच्यासारखी नसेल. मी इथे आघाडीवर वाचलो आणि तुम्ही तिथे घरात वाचला नाहीत, असंही होईल. ते मी गाळलं. तू माझ्या डोळ्यांकडे बघत होतीस. उत्तर काय लिहू विचारलं, तर म्हणालीस, "थांब जरा. माजं मन ठरंना."

दिवाळीला मी तुला सभेची गोष्ट सांगितली ती निव्वळ तुझं मन रमावं म्हणून. सांगलीत आमच्या विश्रामबागच्या कॉलेजात सगळ्या देशांच्या सभेची नक्कल होणार होती. चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जो देश निघेल त्याच्या बाजूने बोलायचं आणि शेवटी हात वर करून ठराव मंजूर की नामंजूर ते ठरवायचं. ठराव त्याच वर्षी खऱ्या सभेत शेजारी देशाने आणलेला: आपल्या बाजूच्या सगळ्या देशांनी मिळून अण्वस्त्रमुक्त क्षेत्र करावं. तुला समजेल असं सांगितलं. पृथ्वीच्या पार पलीकडे दक्षिण अमेरिका म्हणून खंड आहे, तिथल्या लोकांनी आपसात करार केला, की असला बाँब आपल्या भूमीवर कोणी करायचा नाही, ठेवायचा नाही, कोणाला आणूही द्यायचा नाही. दक्षिणेला नुसत्या बर्फाचा मुलूख आहे, तिथेही बंदी आहे. तसंच आता आपल्याकडे करा म्हणतात. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी तू ती उलटली नाहीस. "असं करता येतंय?" तू विचारलंस.

आणि मग तू साताऱ्याकडच्या तुझ्या माहेरची ती हकिगत सांगितलीस, जी मी तोवर कधी ऐकली नव्हती. पटकीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा सजवायचं आणि शिवेबाहेर ढकलून द्यायचं, म्हणजे रोग पुढच्या गावाच्या माथी. पुढचं गाव तोच गाडा आणखी पुढे ढकलायचं, नाहीतर परत फिरवायचं. त्यावरून डोकी फुटायची. "माज्या लहानपणी एकदा दोनी गावं म्हसोबाच्या देवळापुढं बसली," तू म्हणालीस. "हात वर करून ठरलं, की गाडा ह्या शिवंतनं त्या शिवंत ढकलायचा न्हाई. बरुबर शिवंवर ठिवला आन् पूजा दोगांनी केली." मी विचारलं, "मग साथ गेली?" तू जरा आठवून म्हणालीस, "साथ गेली का न्हाई ध्येनात न्हाई. भांडान मातुर गेलं."

"तू कुणाकडनं बोलणार?" तू विचारलंस. "आपल्याकडनं," मी म्हटलं. ते खरं होतं. माझ्या चिठ्ठीत भारत निघाला होता. पण भारताची बाजू ठरावाविरुद्ध होती, हे मी बोलले नाही. तू धरून चाललीस, की आपली पोरगी बोलणार म्हणजे बाँब नको म्हणूनच बोलणार. मी एवढं मात्र म्हटलं, "आई, ही खोटी सभा हाय. पोरापोरींची. तिथं काय ठरत नसतंय." तू भाकरी टोपल्यात टाकलीस. "सभा कुठं खोटी असती व्हय? मानसं बसली की सभा. नीट बोल. दादाचं उत्तर सभा झाल्यावर लिवू."

त्या दिवशी तू येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन एस.ट्या बदलून, ठेवणीतलं लुगडं नेसून, फडक्यात धपाटी बांधून तू सांगलीत आलीस आणि कॉलेज विचारत विचारत सभागृहाच्या मागच्या बाकावर येऊन बसलीस. मी बोलायला उभी राहते आणि तू दिसतेस. पण पाठांतर पक्कं आहे, तोंड चालू राहतं. जमिनीवर रेषा आखता येते, आकाशावर येत नाही. उत्तरेचा बलाढ्य शेजारी या रेषेबाहेर राहतो, त्याच्या बाँबचं काय? महासत्तांची जहाजं आपल्या समुद्रात फिरतात, त्यांचं काय? आमचा स्फोट शांततेसाठी आहे. टाळ्या पडतात. माझी ती पुस्तकी मराठी तुला किती कळली कोण जाणे, तू पदराने डोळे पुसत होतीस. माझ्यानंतर शेजारी देशाकडून जतची एक मुलगी उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, मराठीत कानडी मिसळत होती आणि मुद्दे तर ती विसरूनच गेली. शेवटी म्हणाली, "आमच्याकडं दोन गावांत मिळून एकच हीर हाय. तिच्यात कोण काय टाकलं, तर आधी कोण मेलं ह्ये बगायला बी मागं कोण ऱ्हाणार न्हाई." मुलं हसली. तू हसली नाहीस. तिचं तुला सगळं कळलं होतं.

अध्यक्ष असलेल्या प्राध्यापकांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. पुढच्या खुर्च्यांमधून काही हात वर गेले, आणि मागच्या बाकावरून तुझा. बांगडी नसलेला, कोपरापर्यंत गोंदलेला. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. प्राध्यापक भले होते, हसू दाबत म्हणाले, "बाई, आपण कोणत्या देशाच्या?" तू उभी राहिलीस. "मी कडेगावकडची," म्हणालीस. मग जो हशा झाला त्यातही तू हात खाली घेतला नाहीस. "मोजला का?" तू विचारलंस. प्राध्यापकांचं हसू गेलं. "मोजला," ते म्हणाले. मग त्यांनी विरोधातले हात मागितले, आणि मी माझा वर केला.

तुझ्याकडे न बघता केला, पण केला. आकडे फळ्यावर लिहिले. ठराव पडला. माझ्या भाषणाने पडला असं सगळे म्हणाले आणि मला पहिलं बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं. आपण स्टँडवर गेलो. बाकड्यावर बसून तू धपाटी सोडलीस, आधी मला दिलंस आणि विचारलंस, "झाला का ठराव?" मला खरंच सांगायचं होतं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा तुझ्या कपाळावरची आठी गेली होती, आणि ती मला परत बघायची नव्हती. "झाला," मी म्हटलं. तू माझ्या डोळ्यांकडे बघितलंस. "तुजा हात मला दिसला न्हाई," म्हणालीस. "मी पुढं हुते. सगळ्यांच्या आधी वर केला हुता." तू म्हणालीस, "बरं." थोड्या वेळाने म्हणालीस, "हितं बायकांचं हात बी मोजत्यात. आमच्याकडं म्हसोबापुढं मोजलं न्हवतं." आणि मग, "लिव त्याला. ऱ्हा म्हनावं. आता काय भ्या न्हाई." बक्षिसाच्या त्या नव्या पेनाने, एस.टी. लागायच्या आत, मी दादाला ते लिहिलं.

त्या दिवसापासून तुझी भीती माझ्याकडे आली. दादाने मुदत वाढवली. पुढची सगळी वर्षं तारवाल्याची सायकल आमच्या गल्लीत वळली, की मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहायचे. तो गेला असता, तर त्याला तिथे मी ठेवलं होतं, माझ्या खोट्याने. तू दोन वर्षांनी गेलीस, झोपेत, निर्धास्त. तो सुखरूप परत आला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती तुला सांगावी म्हणूनच मी हे लिहायला बसले. सांगलीतच मी राज्यशास्त्र शिकवायला लागले. एकदा तास तयार करताना ग्रंथालयात वाचलं, की आपली ती नकली सभा झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात खऱ्या सभेत तो ठराव खरोखर मंजूर झाला होता. विरोधात अगदी थोडे हात, आणि त्यातला एक आपला. पुढे वर्षानुवर्षं तो मंजूर होत राहिला. म्हणजे मी तुला स्टँडवर सांगितलं ते खोटं उरलंच नव्हतं. ते वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले. ते खोटं होतं तोवर मला वाटायचं, की तो ठराव झाला असता तर आपण वाचलो असतो. आता कळलं, की तो झाला आणि तरी काही झालं नाही. कितीतरी मुलुखांनी आपापल्या शिवा बांधून घेतल्या, बेटांनी बांधल्या, अख्ख्या आफ्रिकेने बांधली. आपल्याकडे मात्र गाडा ह्या शिवेतून त्या शिवेत ढकलणं चालूच राहिलं. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका उन्हाळ्यात आपण पुन्हा स्फोट केले, आणि बांधापलीकडच्याने या वेळी महिनाभरसुद्धा दम धरला नाही. चौकात पेढे वाटत होते. मी घरात बसून होते आणि मला तुझ्या हातातला तो गुळाचा खडा दिसत होता.

आता दादा साताऱ्यात असतो, थकलाय. त्याचा मुलगा फौजेत आहे, कुठे ते सांगत नाही. टीव्हीवर सरहद्दीची बातमी आली की दादाचा फोन येतो आणि आम्ही दोघं पावसाबद्दल बोलतो. विमानाची घरघर आली की मी अंगणात जाते. ते दिसेनासं होईपर्यंत थांबते. शेजारणीला वाटतं, म्हातारीला विमानांची हौस आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटातच राहील. आणि समज, तुझ्यापर्यंत पोचलंच, तरी तुला ते मीच वाचून दाखवणार. तू मला पाटावर बसवशील, समोर बसशील आणि म्हणशील, वाच, सावकाश वाच. मी सगळं वाचेन. गूळ, गाडा, जतची मुलगी, तुझा हात, खरा झालेला ठराव, सगळं. पण माझा हात कोणत्या बाजूने वर गेला ती ओळ आली, की माझे डोळे पुढे जातील आणि मी ती गाळीन. या वयातही, आई. तू डोळ्यांकडे बघशील आणि "बरं" म्हणशील.