कागदावर हाय

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? घरी बसवून तुम्हीच शिकवलेलं मराठी आहे, चुका लाल शाईने दाखवा. पण आधी बातमी: मला इथे राहायची परवानगी वाढवून मिळाली!

माझी खोली अजून तशीच ठेवलीय, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर नंतर लिहिते.

फोनवर मी "सगळं सुरळीत" म्हणायचे. तसं नव्हतं. मॉरिशसचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, फोटो, सगळं तीनतीनदा तपासून परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसात गेले, तर साहेब म्हणाले, "मॅडम, या पत्त्यावर कोणी परदेशी राहतच नाही, असा पोलिसांचा रिपोर्ट आहे." तो बदलला नसता, तर मला परत यावं लागलं असतं.

घरी नीरजने सासूबाईंना विचारलं, "आई, पोलीस आलेले?"

"आलता ना. बोलला, घरान कोन परदेशी हाय? मी बोलली, न्हाय."

"अगं, मग स्वप्नाली?"

"ती सून हाय! सून परदेशी कशी?"

नीरजने कपाळावर हात मारला. मला हसू आलं, मग रडू.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चौकीत नेलं. रिक्षात मी पढवत होते, "आई, फक्त 'हो' म्हणा." त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

हवालदार म्हणाले, "मावशी, ही परदेशी आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा, त्यांनी हो म्हणावं म्हणून मी देवाला विनवत होते, आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

शेवटी म्हणाल्या, "कागदावर हाय. तेवढाच लिव."

हवालदार हसले. "बरं मावशी, तेवढंच लिहितो."

आम्ही परतलो. घराच्या दारात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पुन्हा मना असा बोलाया नेव नको."

काल परवानगी आली. पुढल्या वेळी पोलीस आले की दार मीच उघडणार आहे, आणि मीच सांगणार आहे. मला आता 'परदेशी' या शब्दाची भीती वाटत नाही.

आणि बाबा, माझी खोली धाकट्या विपुलला द्या. त्याला अभ्यासाला जागा नाही, म्हणून नव्हे. मला ती आता लागणार नाही, म्हणून.

तुमची लेक, मनोरमाबाईंची सून,
स्वप्नाली