काठी कुणाच्या हातची

मोर्फा, ता. २७ मार्च

प्रिय विहीणबाई डोरीन यांस,
नेस्टाचा मनापासून नमस्कार. वि. वि.

आपली नात एलुनेड आगगाडीची ड्रायव्हर झाली! माझा आनंद पोटात मावेना. दुकानदार, पोस्टमन, कुणालाही सोडलं नाही. पाद्रीबाबा तर म्हणाले, नेस्टाबाई, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. मी म्हटलं, मग चौथ्यांदा ऐका. पर्यटक आमच्या इंजिनाला खेळणं म्हणतात, पण भट्टीशी उभं राहून बघा म्हणावं. माझी मांजर अजून त्या शिट्टीला घाबरते. असो, मांजरीचं नंतर.

तुम्ही मूळच्या बर्मिंगहॅमच्या, म्हणून रीत सांगते. रूळ एकच, समोरासमोर टक्कर नको म्हणून काठीही एकच. पितळी टोकांची ती काठी ड्रायव्हरच्या हाती असल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि नव्या ड्रायव्हरच्या घरातल्या थोरल्या बाईनं काठी पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी घरी न्यायची, पितळ घासायचं, सकाळी तिच्या हातात द्यायची. आमच्या ह्यांना, इवरना, ते ड्रायव्हर झाले तेव्हा त्यांच्या आईनं दिली होती. मरेपर्यंत सांगायचे.

ऐकते की पोरीनं काठी तुमच्याकडे द्यायची ठरवलीय. खरं का? मला काही वाटत नाही हो. नुसतं विचारते. तुमचे गुडघे दुखतात ना, म्हणून.

लोभ आहेच, तो थोडा वाढवा.
तुमची,
नेस्टा


पलीकडचा काठ, ता. १ एप्रिल

प्रिय नेस्टाबाई,
स. न. वि. वि.

खरं आहे. शनिवारी एलुनेड स्वतः काठी घेऊन येणार आहे. मी म्हटलं, अगं, मोर्फाची आजी रागावेल. तर म्हणाली, त्या आजीकडे आजोबांची टोपी आहे, कंदील आहे, सगळी गाडीच आहे. तुझ्याकडे काय आहे? मला रडूच आलं. मग तिनं माझा लिंबाचा केक निम्मा संपवला. तुमच्याकडे ती काही खात नाही का हो?

रविवारी पहिल्या होडीनं खाडी ओलांडून येऊन बंदराच्या फलाटावर नवी निळी टोपी घालून उभी राहीन आणि तिथंच तिच्या हातात काठी देईन. तुम्हीही या. माझ्या शेजारी उभ्या राहा, मागे नको.

माया असू द्या.
आपली,
डोरीन


मोर्फा, ता. ६ एप्रिल

प्रिय डोरीनबाई,
नमस्कार. वि. वि.

गुडघा कसा आहे? माझ्या तळपायाला फोड आलेत.

काल इथं काय झालं ते तुम्हाला धड कुणी सांगितलं नसेल. गाडी मोर्फाहूनच सुटते, इंजिनाची शेड इथंच. डबे भरलेले, बँड वाजून दमलेला, इंजिन वाफ सोडतंय आणि काठीचा पत्ता नाही! तुमचा फोन घरी वाजतोय. स्टेशनमास्तर म्हणाला, रुळावर दुसरं इंजिनच नाही, काढ गाडी. एलुनेड म्हणाली, काठीशिवाय चाक फिरणार नाही, हवं तर माझी नेमणूक रद्द करा. अगदी इवर! बंदर रुळाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे रस्ता नाही, नुसती वाळू. तुम्हाला कुठं शोधायचं नि कोण पळणार यावर तरण्यांचा वाद चाललेला. मी बूट काढले आणि निघाले.

तुम्ही चूक कळून बंदरावरून चालत निघालेल्या, अर्ध्या वाटेत त्या टेकाडावर फतकल मारून बसलेल्या, टोपी तिरकी. मला म्हणालात, घ्या, तुमच्याच नशिबात होती. डोरीनबाई, मी घेतली. नाही म्हणायला हवं होतं, पण पळतच परत आले. फलाटभर लोक, बँड पुन्हा सुरू, मी काठी दिली. पोरीनं गालाचा मुका घेतला, काजळी लागली, अजून धुतली नाही.

मग तिनं विचारलं, डोरीनआजी कुठंय? आणि तुमच्या टेकाडापाशी, स्टेशन नसताना, गाडी उभी केली! तुम्हाला उचलून थेट इंजिनात घेतलं. मी मात्र शेवटच्या डब्यात, एका ओल्या कुत्र्याशेजारी. पुढून शिट्टी दोनदा वाजली. ती तुम्ही वाजवलीत ना? या वयापर्यंत मला कुणी ती वाजवू दिली नाही. इवरनीसुद्धा नाही.

रागावलेली नाही. पण लोभ काही दिवस बेतानं धरा.
नेस्टा


पलीकडचा काठ, ता. ९ एप्रिल

प्रिय नेस्टाबाई,
स. न. वि. वि.

शिट्टी मीच वाजवली. तीनदा. एकदा तुम्हाला ऐकू आली नसेल.

पण माझं पत्र तुम्हाला शुक्रवारीच पोचलं होतं, पोस्टमननं सांगितलं. मी बंदरावर उभी राहणार, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बाई, तुमची जागा चुकतेय, एवढं एका ओळीनं कळवता आलं असतं. मी कुठं असणार हे ठाऊक होतं, म्हणूनच कुणाला न विचारता थेट माझ्याकडे आलात ना? एलुनेडला मी हे सांगितलेलं नाही.

सांगणार कधी? बंदर येईपर्यंत तिनं मला बोलूच दिलं नाही. मोर्फाची आजी अनवाणी कशी पळाली, वाऱ्यात केस कसे उडत होते, आजोबा असते तर काय म्हणाले असते. इंजिनात उभी मी, आणि कौतुक सगळं तुमचं! असा जळफळाट झाला की भट्टीची धग जाणवली नाही.

रविवारी जेवायला या. केक तुम्हालाही ठेवीन, पण मोठा तुकडा पोरीचा.

आपली,
डोरीन